पनवेलचं नर्सिंग होम सांभाळणाऱ्या भाचीस

पहिल्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधी नोंदणीचा दाखला काढून घे आणि उभ्याउभ्याच वाच. फॉर्म सी म्हणतात त्याला. तो दर्शनी भागात लावायलाच लागतो, म्हणून रिसेप्शनच्या मागे फ्रेममध्ये असतो. त्याच्यासमोरून दिवसभर माणसं ये-जा करतात, पण वाचत कोणी नाही. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, जागेचा पत्ता काय, खाटा किती आणि मुदत कधीपर्यंत, एवढं बघ. यातलं एकही आजच्या परिस्थितीशी जुळत नसेल, तर तुझं पहिलं काम ठरलं.

तू हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकून आलीस याचा मावशीला फार अभिमान आहे. मी जीएनएम करून वॉर्डात उभी राहिले, पुढे इन्चार्ज सिस्टर झाले आणि मग डॉक्टरांनी ऑफिसच्या चाव्या हातात दिल्या. कागद कसे सांभाळायचे हे मला कोणी शिकवलं नाही, म्हणून तुला सांगून ठेवते.

आपल्या राज्यात नर्सिंग होमच्या व्यवस्थापकाला स्वतःचा असा परवाना नसतो. अमेरिकेत असतो. तिथे वृद्धांची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या संस्थेचा प्रशासक व्हायचं तर परीक्षा देऊन त्या राज्याचा परवाना घ्यावा लागतो. १९६७ साली तिथे कायदा झाला आणि राज्यांना ही पद्धत लावावी लागली. आपल्याकडे नोंदणी होते ती जागेची. तीही १९४९ च्या कायद्याखाली, ज्याला जुने डॉक्टर अजून ‘बॉम्बे नर्सिंग होम अ‍ॅक्ट’ म्हणतात. आज त्याचं नाव महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे आपला सगळा कारभार याच जुन्या कायद्यावर चालतो.

या कायद्याच्या पाचव्या कलमात एक अट आहे, ती नीट समजून घे. नर्सिंग होमचं व्यवस्थापन पात्र डॉक्टरच्या किंवा पात्र नर्सच्या हातात हवं, आणि ती व्यक्ती त्या जागेतच राहणारी हवी. तसं नसेल तर नोंदणी नाकारता येते. तुझी पदवी रोजच्या कामात सोन्यासारखी उपयोगी पडेल, पण या अटीच्या पूर्ततेत ती मोजली जात नाही. म्हणून ती व्यक्ती कोण हे तोंडी ठेवू नकोस. तिचं नेमणूकपत्र, कौन्सिलच्या नोंदणीची प्रत आणि जबाबदारी स्वीकारल्याची सही फाइलला हवी. गणपतीत डॉक्टर गावी गेले की त्या पाच दिवसांत जागेवर कोण, हेही लिहिलेलं हवं. गैरसमज नको, हे मालकावर अविश्वास म्हणून सांगत नाही. रात्री काही घडलं की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तेव्हा ऑफिसात बसलेल्या तुलाच त्याचं उत्तर द्यावं लागतं.

आता हद्दीचं बघ, कारण पनवेलमध्ये तिथेच गोंधळ होतो. पनवेलची नगरपरिषद १८५२ ची. ती जाऊन १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका आली, आणि खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल हे सिडकोने वसवलेले भाग व आजूबाजूची २९ गावं तिच्यात गेली. महापालिका हद्दीत नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. सुकापूर, करंजाडे अशा ग्रामपंचायतींच्या भागात असलीस तर मात्र जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे, म्हणजे अलिबागला जायचं. जुन्या फाइलीत तुला नगरपरिषदेचे, सिडकोचे आणि अलिबागचे असे तीन तऱ्हेचे कागद एकत्र सापडतील. एकही फेकू नकोस. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र सिडकोच्या काळातलं असेल, तर तेच आजही लागतं.

भोगवट्याचा विषय निघाला म्हणून सांगते. आपल्याकडे पुष्कळ नर्सिंग होम राहत्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहेत. मंजुरी निवासी वापराची असेल तर वापर बदलल्याची परवानगी कुठे आहे ते शोध. मालक दुसरी जागा बघायला तुला घेऊन गेले, तर करारावर सही होण्याआधी जिन्यातून रिकामं स्ट्रेचर वर नेऊन बघ. वळणावर ते उभं धरावं लागलं तर ती जागा आपल्या कामाची नाही, भाडं कितीही कमी असो.

खाटांचा आकडा हा दुसरा नाजूक विषय. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचे पेशंट वाढले की पॅसेजमध्ये दोन खाटा लागतात, मग तीन. माणुसकी म्हणूनच लागतात, मला माहीत आहे. पण दाखला पंधरा खाटांचा असताना अठरा पेशंट भरती असतील, तर नर्स, ऑक्सिजन आणि बाहेर पडायची वाट पंधरांच्याच हिशोबाची असते. दरवर्षी असंच होत असेल तर वाढीव खाटांचा अर्ज कर. होत नसेल तर उपजिल्हा रुग्णालयाशी आणि कामोठ्याच्या मोठ्या रुग्णालयाशी आधीच बोलून ठेव आणि पेशंट वेळेवर पुढे पाठव. आणखी एक. कायद्याच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्याबरोबर दुर्बलताही आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी वरचा मजला ‘केअर सेंटर’ म्हणून सुरू करू असं कोणी सुचवलं, तर आधी विचार की तिथे उपचार आणि शुश्रूषा होणार आहे का. होणार असेल तर त्या खाटाही नोंदणीत हव्यात.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जवळची, म्हणून तिच्यावर थोडी जास्त थांबते. कायदा म्हणतो, शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये पात्र नर्सचं प्रमाण योग्य हवं. अर्जासोबत जाणाऱ्या यादीत ते नेहमीच योग्य असतं. तू यादी बघू नकोस, रोस्टर बघ. त्यातही नाइटचा रोस्टर, रविवारचा, आणि दिवाळीत सगळ्या मुली सुट्टी मागतात त्या आठवड्याचा. लहान नर्सिंग होममध्ये दहावी-बारावी झालेल्या, शिकत-शिकत तयार झालेल्या मुली असतात. हुशार असतात, मायाळू असतात, पेशंट त्यांना सिस्टरच म्हणतात. पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसलेल्या मुलीला एकटीला वॉर्ड देऊ नकोस, इंजेक्शन द्यायला लावू नकोस, प्रसूतीच्या खोलीत तर नाहीच. तिला रक्तदाब मोजू दे, चादरी बदलू दे, पेशंटला भरवू दे, आणि मालकांना गळ घालून तिला एएनएम किंवा जीएनएमला पाठव. दोन-तीन वर्षांची फी नर्सिंग होमने उचलली तर ती मुलगी पुढे जिवाला जीव देऊन काम करते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नोंदणीच्या झेरॉक्सवर भागवू नकोस. मूळ प्रमाणपत्र डोळ्यांखालून घाल, नूतनीकरणाची तारीख स्वतः वहीत उतरव. रात्रीच्या आरएमओचंही तसंच. तो एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेदाचा असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, होमिओपॅथीचा असेल तर त्यांची वेगळी परिषद. कोण कुठे नोंदलेला आहे आणि त्याला काय लिहिण्याची मुभा आहे हे तुला पाठ हवं. केसपेपरवर नुसती वेलांटीसारखी सही चालवून घेऊ नकोस. खाली नाव आणि नोंदणी क्रमांक सुवाच्य अक्षरात असला पाहिजे.

आगीबद्दल बोलताना मला आजही हातपाय गार पडल्यासारखे होतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयाचा आयसीयू जळाला, आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सी फॉर्म ए देते. त्यानंतर दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, ती यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. एजन्सीचा माणूस आला की त्याच्यासोबत प्रत्येक सिलिंडरपर्यंत चालत जा. त्याच्या हातात फक्त कागद असेल आणि साधा प्रेशर गेजही त्याने बघितला नसेल, तर सही घेऊ नकोस.

कागदात न येणाऱ्या काही गोष्टी आहेत, त्या तूच बघायच्या. मागचा दरवाजा सलाइनच्या खोक्यांनी आणि मोडक्या खाटांनी अडलेला नसावा. त्याच्या कुलपाची चावी मालकाच्या ड्रॉवरमध्ये नसावी, खरं तर कुलूपच नसावं. पुढच्या बाजूला पक्की काच बसवली असेल तर निदान प्रत्येक खोलीची एक खिडकी उघडणारी कर. जम्बो ऑक्सिजन सिलिंडरची चावी साखळीने ट्रॉलीलाच बांधून ठेव. ती शोधण्यात जातो तो वेळ परत मिळत नाही. जनरेटर तळघरात असेल तर २६ जुलै २००५ आठव. त्या पावसात गाढी नदीकाठच्या आपल्या पनवेलनं काय सोसलं हे जुन्या माणसांना विचार, आणि जनरेटर वर घे. वर्षातून एकदा रात्रीच्या पाळीत सराव कर. दिवसा सगळे असतात. रात्री दोन सिस्टर, एक मामा आणि एक मावशी एवढ्यातच सिझरच्या पेशंटला कोण उचलणार, बाळाला कोण घेणार आणि ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोण बंद करणार, हे नावानिशी ठरलेलं हवं.

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे. पिवळ्या पिशवीत वार, रक्ताळलेलं ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, कॅथेटर, हातमोजे. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काच निळ्यात. पिशवीवर बारकोड, आणि ४८ तासांपेक्षा जास्त काळ कचरा जागेवर ठेवायचा नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र घ्यायचं आणि वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत पाठवायचा. हे तक्ते भिंतीवर असतात आणि तुला ते येतातही. मला सांगायचंय ते वेगळं. पिशवी शेवटी गाठ मारून उचलते ती सफाईची मावशी. मी काम करत होते तिथे एका मावशीच्या तळहातात पिवळ्या पिशवीतून सुई घुसली होती. तिने साडीच्या पदराने रक्त पुसलं आणि पुन्हा झाडू हातात घेतला, कारण सांगितलं तर पगार कापतील असं तिला वाटलं. त्या दिवसापासून मी नवीन माणूस कामावर घेतला की पहिल्या आठवड्यात हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस टोचवत असे. नियमातही ते आहेच. सुई टोचली तर लगेच येऊन सांगायचं, कोणी रागावणार नाही, हे तिच्या भाषेत, तिच्या शेजारी बसून सांग. फळ्यावर लिहून उपयोग नाही, त्यातल्या कितीजणींना वाचता येतं?

सोनोग्राफीचं मशीन असेल तर १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा हा तुझा रोजचा विषय समज. त्याची नोंदणी पाच वर्षांची आणि नर्सिंग होमच्या नोंदणीपासून वेगळी. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा मराठी फलक आणि कायद्याची एक प्रत जागेवर लागते. प्रत्येक गर्भवतीचा फॉर्म एफ, आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. डॉक्टर कंटाळतात, म्हणतात की एक रकाना राहिला तर काय बिघडलं. बिघडतं. नोंदीतली उणीव किंवा चूक हीच कायद्याचं उल्लंघन मानली जाते, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या तरतुदीला आव्हान दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ ला ते फेटाळलं. मला तो निकाल मनापासून पटतो. आपल्या राज्यात मुलींचं जे झालं ते कोऱ्या रकान्यांच्या आडूनच झालं. फॉर्म एफ रोज संध्याकाळी तपास, महिनाअखेरीवर ढकलू नकोस. मशीन बदलणार असाल किंवा नवा सोनोलॉजिस्ट येणार असेल, तर तीस दिवस आधी कळवायचं. गर्भपाताचं केंद्र असेल तर १९७१ च्या कायद्याखाली त्या जागेची मान्यता वेगळी घ्यायची आणि तिथलं रजिस्टर गोपनीय ठेवायचं. ते तुझ्या टेबलावर उघडं पडलेलं मला कधी दिसता कामा नये.

एक्स-रे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, औषधाचं दुकान असेल तर एफडीएचा परवाना आणि फार्मासिस्टची नोंदणी, लिफ्ट असेल तर तिची तपासणी, दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. हे सगळं एका पानावर लिही आणि प्रत्येकासमोर मुदतीची तारीख टाक.

आपलं गाव रस्त्यांच्या तोंडावर आहे. कळंबोलीला द्रुतगती मार्ग सुरू होतो, पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्ग फुटतो. रात्री-अपरात्री अपघाताचा माणूस कोणीतरी रिक्षात घालून दारात आणणारच. आधी पोलीस, आधी डिपॉझिट असं तुझ्या रिसेप्शनवरून कोणी बोलता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच, परमानंद कटारा प्रकरणात, जीव वाचवणं हे पहिलं कर्तव्य असल्याचं सांगितलं आहे. आपल्याकडे सर्जन नसेल, तर रक्तस्राव थांबव, सलाइन लाव, ऑक्सिजन दे, पुढच्या रुग्णालयाला फोन कर, मग रुग्णवाहिकेत बसव. एमएलसीची, म्हणजे मेडिको-लीगल केसची, नोंद आणि पोलिसांना कळवणं त्यासोबत होतच राहतं. इमर्जन्सी ट्रे प्रत्येक पाळीला उघडून बघायला लाव. अ‍ॅड्रिनलिनची मुदत, अंबू बॅग आणि लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो की नाही. त्यातले सेल कोणीतरी घड्याळाला काढून नेतं, हे तुला सांगूनही खरं वाटणार नाही.

जानेवारी २०२१ मध्ये राज्याने या कायद्याचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, तक्रारीसाठीचा टोल फ्री क्रमांक दाखवायचा. दरपत्रक लावायला मालक का-कू करतील. तू आग्रह धर. दर आधी समजलेला नातेवाईक बिलाच्या वेळी कमी भांडतो, हा माझा अनुभव आहे. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही, तो प्रश्नच मनात आणायचा नाही. केसपेपरची प्रत मागितली तर ७२ तासांच्या आत द्यायची, आणि कागद निदान तीन वर्षं जपायचे. नर्सिंग होममधल्या कोणावर हल्ला झाला तर राज्याचा २०१० चा हल्ल्यांविरुद्धचा कायदा आपल्या पाठीशी आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. पण मी एवढ्या वर्षांत पाहिलं ते असं की, गंभीर पेशंटच्या माणसांना दर दोन तासांनी कोणीतरी बाहेर येऊन खरं काय ते सांगितलं, तर वेळ तिथपर्यंत सहसा जात नाही. त्या कामासाठी डॉक्टर मोकळे नसतील तर तू जा. तब्येतीचा अंदाज बांधू नकोस, फक्त आत काय चाललंय ते सांग.

तुझ्याकडे एजंट येतील. “मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता, सगळं करून देतो.” त्यांच्या हातात फाइल देऊ नकोस. अर्ज स्वतः भर, स्वतः जा, खिडकीवरच्या बाईंना नावाने ओळख. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत नेऊन त्यावर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घे. पोच हातात नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समज. त्रुटीचं पत्र आलं तर घाबरू नकोस, ठरलेल्या दिवसांच्या आत लेखी उत्तर दे. नोंदणी नाकारायची किंवा रद्द करायची तर अधिकाऱ्यालाही आधी महिन्याची नोटीस द्यावी लागते, आणि त्यावर शासनाकडे अपील करता येतं. तपासणीला अधिकारी आले की चहा दे, पण रजिस्टर आधी ठेव. त्यांनी काही उणीव दाखवली तर ती त्यांच्यासमोरच लिहून घे.

नोंदणीची मुदत तिसऱ्या वर्षीच्या ३१ मार्चला संपते. मार्चमध्ये सगळं शहर त्याच खिडकीवर असतं, आणि फायर, प्रदूषण मंडळ, नर्सेसची नोंदणी यातलं एक जरी मुदतीबाहेर असेल तर अर्ज परत येतो. म्हणून डिसेंबरातच सगळे जोडकागद जमव, जानेवारीचा फॉर्म बी हाती आला की लगेच अर्ज टाक, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नकोस.